सॉफ्टवेअरचा खोका : निवड, बांधणी आणि प्रवास

सॉफ्टवेअर विकताना गिऱ्हाइकाच्या हातात नेमके काय द्यायचे, हा प्रश्न संगणक दुकानात विकायला आला तेव्हापासूनचा आहे. आज्ञावली डोळ्यांना दिसत नाही, तिला वजन नाही आणि तिची नक्कल मूळ प्रतीइतकीच चोख चालते. तरीही १९८० च्या सुमारापासून तीसेक वर्षे ती खोक्यात घालून विकली गेली आणि थोड्या प्रमाणात आजही विकली जाते. या खोक्याची कामे चार. आतला माल सांभाळायचा, दुकानात नजरेत भरायचे, कायद्याला हवी ती माहिती द्यायची आणि घेतलेली प्रत अस्सल असल्याचा पुरावा व्हायचे. या चारांत कोणत्या कामाला किती मोल द्यायचे हे एकदा ठरले, की आकार, पुठ्ठा आणि छपाई ही त्यामागून ठरत जातात.

महाराष्ट्रात या धंद्याचे ठाणे पुण्यात होते. मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट विभागाची ‘आयएसएम’ आणि ‘लीप’ ही भारतीय भाषांची सॉफ्टवेअरे, कैलास आणि संजय काटकर या बंधूंचे ‘क्विक हील’ अँटिव्हायरस ही सगळी पुण्याचीच. गिऱ्हाईक मात्र राज्यभर पसरलेले होते. वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे पुण्यापासून सहाशे किलोमीटरहून दूर. खोक्याची खरी परीक्षा अशा लांबच्या टोकाला होते. म्हणून निवडीचा विचारही तिथूनच करणे सोयीचे.

पिशवीपासून खोक्यापर्यंत

अमेरिकेत १९७९-८० च्या सुमाराला सुटी सॉफ्टवेअर विकणारे बहुतेक जण घरीच उद्योग करणारे होते. एक फ्लॉपी किंवा कॅसेट, सोबत झेरॉक्स केलेली दोन पाने आणि हे सगळे भाजी-फराळाची असते तशा दाबपट्टीच्या प्लास्टिक पिशवीत, असा तो माल. दुकानदार पिशवी खिळ्याला टांगून ठेवी. खर्च नाममात्र होता, पण शंभर-दोनशे डॉलरची वस्तू पिशवीत पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना. कार्यालयीन सॉफ्टवेअरने मग पुस्तकाचा थाट उचलला. १९७९ चे ‘व्हिसीकॅल्क’ तपकिरी रेक्झिनच्या फाइलीत आले. आयबीएमने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर काढला, त्याच्या आज्ञावल्या कड्यांच्या छोट्या फाइलीत आणि त्यावर पुठ्ठ्याच्या कव्हरात विकल्या जात.

खेळ विकणाऱ्यांनी याहून धाडस केले. इन्फोकॉम कंपनीच्या ‘डेडलाइन’ या १९८२ च्या रहस्यकथेच्या खोक्यात खुनाच्या तपासाची कागदपत्रे आणि पुराव्याच्या वस्तू होत्या. त्यांच्याशिवाय कोडे सुटणे कठीण, त्यामुळे नुसती फ्लॉपी कॉपी करणाऱ्याची अडचण होई. त्याच वर्षीचे ‘स्टारक्रॉस’ उडत्या तबकडीच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डब्यात आले. दिसायला ते अफलातून होते, पण दुकानाच्या मांडणीवर धड उभे राहत नव्हते की एकावर एक रचता येत नव्हते. १९८४ पासून इन्फोकॉमने सगळे खेळ एकाच मापाच्या करड्या खोक्यांत आणले. आकारात चमत्कार करायचा तर दुकानाच्या फळीला विचारून करावा, हा धडा त्यातून मिळाला.

१९९० च्या दशकात खोके फुगले. त्याला काही अंशी कारण होते. ‘विंडोज ९५’ फ्लॉप्यांवर घेतले तर १३ फ्लॉप्या लागत आणि सोबतची पुस्तके जाडजूड असत. पण पुढे सगळा माल एका सीडीवर मावू लागला तरी खोका तेवढाच राहिला, कारण मोठा खोका फळीवर जास्त जागा अडवतो आणि लांबून दिसतो. आत निम्मी पोकळी आणि ती भरायला दुमडलेला पुठ्ठा, अशी अवस्था झाली. २००० नंतर अमेरिकेतील मोठ्या विक्रेत्यांनीच आग्रह धरला आणि खोके डीव्हीडीच्या डबीच्या मापाजवळ आले. मायक्रोसॉफ्टने २००७ साली ‘व्हिस्टा’साठी एका कोपऱ्यावर फिरून उघडणारी गोल कडांची प्लास्टिकची डबी काढली. ती दिसायला देखणी होती, पण अनेकांना उघडताच येईना. शेवटी ती कशी उघडावी याच्या सूचना कंपनीला द्याव्या लागल्या. २००९ च्या ‘विंडोज ७’ला साधी डबी मिळाली.

आत काय जायचे

खोक्याची निवड आतल्या मालापासून सुरू होते आणि भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरची इथे वेगळीच कथा आहे. जिस्ट तंत्राचे मूळ काम आयआयटी कानपूरला झाले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते वाढले. त्याचे सुरुवातीचे रूप आज्ञावलीचे नव्हते, संगणकाच्या खाचेत बसवायच्या कार्डाचे होते. डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे हे कार्ड उमटवी. अशा कार्डाला स्थिर विजेपासून जपणारी पिशवी, धक्का शोषणारा फोम आणि दाबाखाली न बसणारा नालीदार पुठ्ठा लागतो. तिथे संरक्षण हेच पहिले काम.

पुढे डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, काळात अक्षरसंच विकणाऱ्या कंपन्यांनी नक्कल रोखण्यासाठी हार्डवेअर लॉक दिले. डीटीपीवाल्यांच्या तोंडी तो ‘डाँगल’. आधी तो प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागे, नंतर यूएसबीला. श्री-लिपी वापरणाऱ्या छापखान्यांत हा अंगठ्याएवढा ठोकळा सीडीपेक्षा जास्त जपला जाई, कारण सीडी खराब झाली तर दुसरी मिळते, लॉक हरवला तर परवानाच हरवतो. अशा मालाच्या खोक्यात लॉकच्या मापाचा खळगा असलेला ब्लिस्टर ट्रे असावा. लॉक मोकळा राहिला तर वाटेत खडखडतो, पिना वाकतात आणि सीडीची डबीही फुटते.

अँटिव्हायरसचे गणित निराळे. क्विक हीलची कंपनी १९९५ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने नोंदली गेली, २००७ मध्ये तिने क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले आणि २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. गावोगावच्या संगणक दुरुस्तीवाल्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या तिच्या खोक्यात सीडी, छोटी पुस्तिका आणि ‘प्रॉडक्ट की’ असे. सीडीवरची व्हायरसची यादी काही आठवड्यांत शिळी होते, ताजी यादी इंटरनेटवरून येते. वर्षाची मुदत की नोंदवल्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून खोका फळीवर चार महिने पडून राहिला तरी गिऱ्हाइकाचे दिवस कमी होत नाहीत. विकला जातो तो कीचा क्रमांक. सीडी हे तो क्रमांक पोचवण्याचे एक साधन. अशा खोक्यात कीला सगळ्यांत सुरक्षित जागा द्यावी लागते : बाहेरून दिसणार नाही, खोका उघडल्याशिवाय मिळणार नाही आणि उघडल्यावर चुकून कचऱ्यात जाणार नाही अशी.

पुस्तिकेचाही निर्णय इथेच होतो. मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला कळफलकाचा तक्ता छापील हवाच, कारण टंकताना तो टेबलावर उघडा ठेवावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्याला जोडाक्षरे कशी बसतात हे पडद्यावर शोधत बसणे परवडत नाही. बाकी दोनशे पानांचे पुस्तक सीडीवर गेले तरी चालते, हा एक पानी तक्ता मात्र खोक्यात असावा. तोही आर्ट कार्डावर छापून लॅमिनेट केलेला.

मापाचा हिशेब

आकार ठरवताना छापखान्याच्या शीटपासून मागे यावे लागते. समजा, खोका २४ सेंमी उंच, १९ सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड हवा आहे. चार बाजू, दीड सेंमीची चिकटपट्टी, वरखालची झाकणे आणि त्यांच्या आत घुसणाऱ्या जिभा मिळून उलगडलेला पुठ्ठा साधारण ४९.५ × ३७ सेंमीचा होतो. २३ × ३६ इंची म्हणजे सुमारे ५८ × ९१ सेंमीच्या शीटवर असे दोनच बसतात. आता आतली पुस्तिका क्राउन आकाराची, म्हणजे १२.७ × १९ सेंमीची केली आणि सीडी तिच्या १४.२ × १२.५ सेंमीच्या नेहमीच्या डबीत ठेवली, तर १९.५ × १४.५ × ३ सेंमीचा खोका पुरतो. त्याचा उलगडलेला पुठ्ठा ३६.५ × २८.५ सेंमी आणि पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा न फिरवता एका शीटवर तीन. हजार खोक्यांना पाचशेऐवजी तीनशे चौतीस शीट लागतात. शिवाय छपाई, लॅमिनेशन आणि पंचिंग ही कामे शीटवर होतात, त्यांचाही खर्च त्याच प्रमाणात उतरतो.

वाहतुकीत हा फरक आणखी वाढतो. अनेक कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणाऱ्या किलोंची प्रत्यक्ष वजनाशी तुलना करून जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. मोठ्या खोक्याचे घनफळ २२८० घन सेंमी. असे वीस एकत्र केले तर हिशेबाचे वजन ९ किलोंच्या वर जाते, मग आत मुख्यतः हवा का असेना. डीव्हीडीच्या डबीचे माप १९ × १३.५ × १.४ सेंमी, घनफळ सुमारे ३५९ घन सेंमी. वीस डब्यांचे हिशेबाचे वजन दीड किलोच्याही आत राहते आणि पैसे प्रत्यक्ष वजनाचे पडतात. पुण्याच्या विक्रेत्याला हा फरक जाणवत नाही. विदर्भात माल पाठवताना तो नफ्यातून वजा होतो.

पुठ्ठा, घडी, छपाई

पेटीसाठीच्या पुठ्ठ्यात साधारण तीन पर्याय असतात. ग्रे बॅक डुप्लेक्स स्वस्त असतो, पण आतून मळकट दिसतो. व्हाइट बॅक डुप्लेक्स मधला. आर्ट कार्ड किंवा शुद्ध लगद्याचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड महाग, मात्र त्यावर रंग स्वच्छ उठतात. छोट्या खोक्याला ३०० ते ३५० जीएसएमचा पुठ्ठा पुरतो. मोठ्या किंवा जड खोक्याला छापलेला पातळ कागद बारीक नालीच्या पुठ्ठ्यावर चिकटवतात. ही ई-फ्लूटची नाली दीडेक मिलिमीटरची असते, त्यामुळे खोका ताठ राहतो आणि कडाही फारशा जाड होत नाहीत.

पुठ्ठ्याला लाकडासारखी तंतूंची दिशा असते. तंतू ज्या दिशेने धावतात तिच्या आडव्या रेषेत क्रिझ, म्हणजे घडीची खूण, नीट बसते आणि पुठ्ठ्याचा पोट काढण्याचा स्वभावही कमी होतो. म्हणून उभ्या खोक्यात तंतूंची दिशा उभ्या घड्यांना आडवी, म्हणजे खोक्याभोवती फिरणारी ठेवतात. शीट वाचवण्याच्या नादात ही दिशा फिरवली तर भरलेला खोका महिन्याभरात समोरून फुगतो. मापाचा हिशेब करताना हे कलम विसरता येत नाही.

तळाचीही निवड असते. साध्या खोचलेल्या तळावर जड पुस्तक ठेवले तर ते खालून निसटते. तिथे लॉक बॉटम घ्यावा. तो भरताना क्षणभर जास्त लागतो, पण सुटत नाही. छापल्यावर ग्लॉस किंवा मॅट लॅमिनेशन, मग डायवर पंचिंग, क्रिझिंग आणि शेवटी पेस्टिंग. मॅट लॅमिनेशनवर ओरखडे लवकर दिसतात, म्हणून ज्या दुकानात गिऱ्हाईक खोका उचलून पाहते तिथे ग्लॉस टिकाऊ ठरते. डायचा खर्च एकदाच होतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या सगळ्या आवृत्त्यांना एकच माप ठेवून फक्त छपाई बदलणे शहाणपणाचे.

आतली सीडी ठेवायला नेहमीची पॉलिस्टायरिनची डबी देखणी पण ठिसूळ असते. मधले दात तुटले की सीडी आत सैल फिरून ओरखडते. पॉलिप्रोपिलीनची डीव्हीडी डबी वाकते, फुटत नाही. लांबच्या प्रवासाला ती किंवा पुठ्ठ्याचे पाकीट बरे.

खोक्यावर काय लिहायचे

बंद पाकिटात विकल्या जाणाऱ्या मालाला भारतात आधी १९७७ चे आणि १ एप्रिल २०११ पासून वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम लागू आहेत. त्यानुसार निर्मात्याचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, नग, निर्मितीचे महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे खोक्यावर असावे लागते. ही माहिती देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. दुसरी भाषा सोबत देता येते, तिच्या जागी नाही. मराठी सॉफ्टवेअरच्या खोक्यावरही ही माहिती फक्त मराठीत छापून भागत नाही, त्यामुळे मागच्या बाजूची जागा सुरुवातीलाच राखून ठेवावी. बारकोडचे प्रमाण माप ३७.२९ × २५.९३ मिमी आहे आणि तो घडीवर येऊन चालत नाही.

करांनीही खोक्याला महत्त्व दिले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी ठरवले, की सीडी किंवा फ्लॉपीवर घालून विकलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर बसतो. २००६-०७ च्या अर्थसंकल्पाने काउंटरवरून विकल्या जाणाऱ्या पॅकबंद सॉफ्टवेअरवर ८ टक्के उत्पादन शुल्क लावले. इंटरनेटवरून उतरवलेले सॉफ्टवेअर त्यातून वगळले. एकच आज्ञावली खोक्यात आली तर शुल्क, तारेवरून आली तर नाही, अशी ती अवस्था होती.

परवान्याच्या अटी हा आणखी एक भाग. पूर्वी ‘पाकीट फाडले म्हणजे अटी मान्य’ असा मजकूर आत असे. अमेरिकेतील प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग या १९९६ च्या निकालात अशा अटी ग्राह्य धरल्या गेल्या. मात्र आत अटी असल्याची सूचना खोक्याच्या बाहेर होती आणि अमान्य असल्यास माल परत करण्याची सोय होती. भारतातही हे दोन संकेत पाळणे निर्मात्याच्या हिताचे. बाहेरून स्पष्ट सांगावे, की किती संगणकांसाठी, किती मुदतीसाठी आणि कोणत्या विंडोजवर.

ऊन, पाऊस आणि दुकानाची फळी

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या गोदामात किंवा बंद गाडीत त्याहून वर. या उष्णतेत स्वस्त गोंद सुटतो आणि पेस्टिंगची कड उकलते. खोक्याभोवती आवळलेली प्लास्टिकची श्रिंक फिल्म आणखी आखडून पातळ पुठ्ठ्याचे कोपरे आत ओढते. पावसाळ्यात उलटे घडते. एकाच बाजूने लॅमिनेट केलेला पुठ्ठा दुसऱ्या बाजूने ओल शोषतो आणि वळतो. म्हणून लांबच्या जिल्ह्यांसाठी श्रिंक सैल ठेवावे, पेस्टिंगची पट्टी दीड सेंमीपेक्षा अरुंद करू नये आणि बाहेरचा कार्टन किमान पाच प्लायचा घ्यावा. कार्टनमध्ये खोके उभे भरावेत. आडवे रचले तर खालचे दबतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा काउंटर लहान असतो. मागे प्रिंटरच्या शाईच्या बाटल्या, केबल, माउस आणि त्यांच्यामध्ये दोन-चार खोके. तिथे खोका समोरून क्वचितच दिसतो, दिसते ती त्याची पाठ, म्हणजे अरुंद उभी बाजू. म्हणून नाव, आवृत्ती आणि मुदत पाठीवर ठळक हवी. समोरच्या बाजूच्या चित्रावर होणाऱ्या खर्चातला थोडा जरी पाठीकडे वळवला तरी दुकानदाराचे काम सोपे होते.

अस्सलपणाची खूण

खोक्याचे चौथे काम समजायला नालवाडीचा इतिहास उपयोगी पडतो. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे नालवाडीत राहायला आले. १९३४ साली ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले आणि गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली इथल्या चर्मालयात नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचे कातडे कमावून वहाणा आणि इतर वस्तू होऊ लागल्या. कत्तलीच्या कातड्याची वहाण आणि नालवाडीची वहाण दुकानात शेजारी ठेवल्या तर गिऱ्हाइकाला फरक ओळखता येत नाही. त्याला खात्री हवी असते ती मालाच्या उगमाची आणि ती विकणाऱ्याच्या नावावरून मिळते. खादीचेही तेच. १९२५ साली निघालेला चरखा संघ दुकानांना प्रमाणपत्र देई, कारण गिरणीच्या सुताचे जाडेभरडे कापड खादी म्हणून सहज खपत असे.

सॉफ्टवेअर याच जातीचे आहे. मूळ सीडी आणि नक्कल यांत चालण्यात काडीचा फरक नसतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो मोठा. कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमाप्रमाणे नक्कल असल्याचे माहीत असून संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. डीटीपी करणाऱ्याकडे तपासणी आली तर बिल, की आणि लॉक हेच त्याचे साक्षीदार. म्हणून होलोग्राम, खरवडून काढायची पट्टी, अनुक्रमांक छापलेले परवानापत्र यांवर पैसे वाचवू नयेत. परवानापत्र खोक्यापासून वेगळे काढून फाइलीत लावता येईल अशा मापाचे, शक्यतो ए-५ किंवा ए-४ असावे. खोका टाकून दिला तरी पुरावा राहतो.

थोड्या प्रतींसाठी हातकागद

शाळेसाठी, संग्रहालयासाठी किंवा एखाद्या संस्थेच्या शब्दकोशासाठी केलेल्या सॉफ्टवेअरच्या शंभर-दोनशे प्रतीच निघतात. तेवढ्यासाठी ऑफसेटच्या प्लेटा आणि डाय यांचा खर्च अंगावर येतो. इथे हातकागद हा खरा पर्याय आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत हातकागद होऊ लागला. पुण्यात के. बी. जोशी यांनी १९४० साली हातकागद संस्था उभी केली. त्याआधी कित्येक शतके जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा कागदासाठी नावाजलेले होते.

होजिअरीच्या कापडाच्या चिंध्यांचा हा कागद लांब तंतूंमुळे घडीवर तुटत नाही. त्याची जाडी मात्र सगळीकडे सारखी नसते आणि कड सरळ नसते, म्हणून ऑफसेट यंत्रावर तो नीट चालत नाही. स्क्रीन प्रिंटिंगला उत्तम. चार घड्यांचे पाकीट, आत एक खाच, त्यात सीडी किंवा पेनड्राइव्ह आणि कीचे कार्ड, वरून दोरा. त्याला ना डाय लागते, ना लॅमिनेशन. दुकानाच्या फळीवर ते उभे राहणार नाही. पण ज्याला दुकानात जायचेच नाही त्याला फळीची काळजी कशाला?

प्लास्टिकच्या बाबतीतही हा मार्ग पुढचा विचार करणारा आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोल आणि अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्यावरचे प्लास्टिक वेष्टन बंद केले. सॉफ्टवेअरचा खोका त्या यादीत नावाने नाही, पण श्रिंक फिल्मऐवजी कागदी सील लावल्याने काही बिघडत नाही.

आजची निवड

२००० साली विंडोजमध्येच ‘मंगल’ फॉन्ट आला आणि पुढे सरकारने भारतीय भाषांची साधने सीडीवर मोफत वाटली. तेव्हापासून मराठीचा खोका लहान होत गेला. आता बहुतेक संगणकांना सीडी ड्राइव्हच नसतो. दुकानांत उरले आहे ते एक कार्ड, त्यावर की आणि माल कुठून उतरवायचा तो पत्ता. चार कामांपैकी संरक्षणाचे काम जवळजवळ संपले, जाहिरातीचे ऑनलाइन गेले आणि २०१८ पासून किंमत-नगाची माहिती विक्रीच्या संकेतस्थळावरही दाखवावी लागते. पुराव्याचे काम तेवढे जसेच्या तसे राहिले.

म्हणून आज सॉफ्टवेअरसाठी पॅकिंग निवडणाऱ्याने उलट क्रमाने जावे. आधी परवानापत्र आणि की ठरवावी, मग कायद्याचा मजकूर, मग त्यांना सामावणारा सगळ्यांत लहान आकार आणि सगळ्यांत शेवटी चित्र. हार्डवेअर लॉक असेल तरच खळग्याचा ट्रे, छापील तक्ता असेल तरच पेटी, नाहीतर जाड आर्ट कार्डाचे घडीचे पाकीट पुरे. आणि विकत घेणाऱ्याने खोका टाकला तरी चालेल, बिल आणि परवानापत्र मात्र सॉफ्टवेअर वापरात आहे तोवर फाइलीत जपून ठेवावे.